बांधावरचे अकरा ऐन

जानूभाऊ, तुम्हाला जाऊन आज एकेचाळीस दिवस झाले. मोजायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. “बाई, तुमी देवळात गेल्याव तरी घंटा किती येळा वाजली ते ल्ह्यून काडाल,” असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. तेव्हा मी हसले नव्हते.

ही पानं माझ्या नातवंडांसाठी आहेत. अन्वया आणि निहार कॅनडात वाढतात. मराठी वाचतात, जरा अडखळत. त्यांना तुमच्याविषयी नीट क्रमाने सांगावं म्हणून मी लिहायला बसले. पण तुमचं नाव लिहिलं की पुढचं वाक्य तुमच्याकडे तोंड करून उभं राहतं. असो. मुलांनी बाजूला बसून ऐकावं. जे तुम्हाला सांगायची गरज नाही ते मी मधेमधे त्यांच्यासाठी सांगेन, तेवढं चालवून घ्या.

तुमचा जन्म कधीचा, जमीन किती, नातेवाईक किती, हे बाराव्याला तुमच्या भावकीने माइकवरून सांगितलंच. आपण दोघांनी सोळा वर्षं मिळून पाखरांची वही ठेवली, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मी तिथे दुसऱ्या रांगेत बसले होते. मीही उठून सांगितलं नाही.

वहीची सुरुवात भांडणानेच झाली होती. किन्हवलीच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, आणि माझ्या मुलाने, सुजयने, मला दुर्बीण आणि पक्ष्यांच्या चित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं. आमचं घर तुमच्या शेताच्या वरच्या अंगाला. तुम्ही बांध घालत होतात. मी पुस्तक घेऊन खाली आले आणि एकेका चित्रावर बोट ठेवून विचारू लागले, हा इथे दिसतो का, हा दिसतो का. तुम्ही बराच वेळ पानं बघितलीत. शेवटी म्हणालात, “बाई, यात जागाच नाय. नुसता पाखरू. पांढऱ्या कागदावर बसल्याला पाखरू मी कसा वळखू?”

मला वाटलं, तुम्हाला माहीत नाही आणि तुम्ही बहाणा करता आहात. शिक्षकाला असंच वाटतं. तुम्ही म्हणालात, “उलटा इचारा. तुमी जागा सांगा, मी पाखरू सांगतो.”

मी सांगितलं, म्हशाच्या वाटेवरचा खडकाचा पट्टा.

“टिटवी. आन् पाऊस सरल्यावर चंडोल.”

ओहोळाचं वळण, करंजाखालचं.

“खंड्या. पन वरच्या अंगाला. खालच्या अंगाला बाया कपडे धुतात, तिथं धोबी.”

मी चिडून म्हटलं, आमच्या शाळेचं पटांगण.

“पोरं डबा खातात तवर कावळं. पोरं वर्गात गेली का साळुंक्या.” मग जरा थांबून, “मास्तर झोपले का चिमण्या.”

त्या वर्षभरात मी तुमची सगळी उत्तरं तपासली. दोनच चुकली होती.

मुलांनो, आपलं गाव एका उतारावर आहे. वर डोंगराची कड आणि करवीचं रान, त्याखाली नाचणी-वरीची डोंगरउताराची जमीन, मग खडकाळ माळ, मग भाताची खाचरं, आणि तळाला ओहोळ. वरून खाली चालत यायला तासभर लागतो, आणि तेवढ्यात पाखरं पाच वेळा बदलतात. मी ते पुढे इंग्रजीतही वाचलं, की जमिनीचा उंचसखलपणा, पाण्याची जवळीक, झाडांची उंची, मधली मोकळी जागा यांवर कोणता पक्षी कुठे राहणार हे ठरतं. पण आधी ते मला या माणसाने पायी चालवून दाखवलं. “गावात कशा आळ्या असतात, तशा पाखरांच्या. कुनी कुनाच्या आळीत घर बांधत नाय,” असं ते म्हणत.

वहीत मी चार रकाने आखले होते: तारीख, वेळ, पक्षी, किती. पाचवा तुम्ही घालायला लावलात. “कशावर बसला त्ये ल्ह्या.” मी म्हटलं, त्याने काय होतं? तुम्ही म्हणालात, “मानूस कुठं बसतो त्यावरनं कळतं ना, जेवाया आलाय का भांडाया?” म्हणून ‘कशावर’ हा रकाना आला. तो सगळ्यांत अरुंद होता, कारण कागदावर तेवढीच जागा उरली होती.

आता ऐनांविषयी. तुमच्या मोठ्या खाचराच्या बांधावर अकरा ऐन आहेत. मुलांना राब म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे भाताची रोपं करायची जागा आधी भाजून घेतात. जमिनीवर शेण, त्यावर झाडांच्या कोवळ्या फांद्या, त्यावर पातेरा, वरून माती, असे थर घालून उन्हाळ्यात पेटवतात. त्याने तण मरतं आणि रोपं सहज उपटतात. हा राब. त्यासाठी तोडलेल्या पानासकट फांद्यांना कवळ म्हणतात. ऐनाची कवळं सगळ्यांत चांगली. पौषात माणसं कोयता घेऊन ऐनावर चढतात आणि शेंड्याचा एक झुबका ठेवून बाकी सगळं उतरवतात. पिढ्यान्‌पिढ्या असं केल्याने आपल्याकडचे ऐन खांबासारखे दिसतात.

मला ते दृश्य आवडायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून आवडायचं नाही. झाडांचा छळ, असं मी म्हणायची. इंग्रजी लेखांतही तसंच लिहिलेलं असायचं.

त्याच अकरा झाडांवर दर हिवाळ्यात चास, म्हणजे नीलपंख पक्षी, यायचा. दसऱ्याच्या सुमारास यायचा आणि होळीच्या आत जायचा. बसलेला असताना मातकट, उडाला की पंखांत दोन तऱ्हांचा निळा. वहीत सगळ्यांत जास्त नोंदी त्याच्याच आहेत, कारण माझ्या खिडकीतून तो दिसायचा.

आठ वर्षांपूर्वी सुजय मुलांना घेऊन आला होता. अन्वया सात वर्षांची. पौष चालू होता. तुम्ही चौथ्या झाडावर होतात, खाली कवळांचा ढीग, आणि चास उडून दूर तारेवर बसलेला. अन्वयाने झाडांकडे बघितलं आणि ती रडायला लागली. “झाडाचे हात तोडले,” एवढंच म्हणत होती. तुम्ही घाबरून खाली उतरलात. कोयता कमरेला मागे बांधलेल्या आकडीत अडकवलात आणि म्हणालात, “नको गो रडू, परत येतात हात.”

इथे मी बोलले. मी म्हटलं, “जानूभाऊ, ती लहान आहे पण बरोबर बोलते आहे. झाडं अशी ओरबाडलीत तर चास राहील कुठे? या अकरा झाडांना तरी सोडा.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग तिच्याकडे. मग ऐनाच्या खोडाला हात लावून तिला म्हणालात, “गावदेवाची आन. आजपासनं या अकरा झाडांना कोयता लागनार नाय. झाला?”

ती हसली. मीही समाधानाने घरी आले. त्या दिवशीच्या नोंदीखाली मी ‘उत्तम दिवस’ असा शेरा मारला आहे. तो अजून तिथे आहे.

त्या शब्दाची किंमत काय, हे मी विचारलं नाही. राब तर भाजायचाच होता. तुमची डोंगरावर कडेजवळ थोडी जमीन आहे. तिथल्या झाडांची कवळं तुम्ही आणि चांगुणावहिनी डोक्यावरून खाली आणू लागलात. चढायला दीड तास, भारा घेऊन उतरायला त्याहून जास्त. पौषभर रोज. मी खिडकीतून बघत होते आणि मला वाटत होतं, किती छान व्यायाम आहे. खरंच वाटत होतं.

झाडं भरली. दोन पावसाळ्यांत त्यांचे घुमट झाले. तांबट आला, बुलबुल वाढले, शिंप्याने घरटं केलं. बांधालगतचं भात सावलीने पिवळं पडायला लागलं, पण ते माझ्या वहीत नव्हतं. माझ्या वहीत पक्ष्यांची नावं वाढत होती. चास मात्र आला नाही. पहिल्या हिवाळ्यात मी कारण लिहिलं, ‘पाऊस लांबला.’ दुसऱ्या वर्षी, ‘फटाके.’ तिसऱ्या वर्षी, ‘नवा रस्ता.’

तिसऱ्याच वर्षी तुम्ही तो विषय काढलात. माळावरून परत येत होतो.

“बाई, एक बोलू? चास गेला नाय. पल्याडच्या पाड्यावर जाऊन बसलाय. तिकडं कवळ तोडतात.”

“मग?”

“मंग काय. त्याला उगडी फांदी लागते. भुईवरचा किडा दिसाया पायजे. आपली झाडां आता छत्रीवानी झाल्यात. छत्रीत बसून त्याला काय दिसंल?”

मी काय म्हणाले ते मुलांनी नीट वाचावं. मी म्हणाले, “जानूभाऊ, शब्द मोडायचा असेल तर सरळ सांगा. पाखराच्या आड कशाला लपता?”

तुम्ही थांबलात. तुमचा चेहरा मला आठवत नाही, कारण मी पुढे चालत होते. आवाज आठवतो. “नाय बाई. शब्द हाय तो हाय.”

त्यानंतर पाच वर्षं तुम्ही तो विषय काढला नाहीत. वहीचं काम मात्र सोडलं नाहीत. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस तुम्ही रोज संध्याकाळी ओटीवर येऊन दिवसभरातलं सगळं तोंडी सांगत होतात आणि मी हिरव्या पट्टीखालून अंदाजाने लिहीत होते. त्या पानांवर माझ्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. ‘आज काय नाय दिसला’ हेही तुम्ही न चुकता सांगायचात. पुष्कळांना दिसलेलं सांगता येतं. न दिसलेलं सांगायला येणारा माणूस मला एकच भेटला. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते.

त्या पंधरा दिवसांत आणि नंतरही तुम्ही अधूनमधून सांगायचात, “पल्याडच्या पाड्यावर चास. तोडल्याल्या ऐनावर.” टोमणा नाही, आग्रह नाही, नुसती नोंद. मी ती लिहून घ्यायची आणि पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायची. मी स्वतः पाहिला नव्हता म्हणून. पाडा इथून पाऊण तासावर आहे. मी गेले नव्हते.

मग तुम्ही गेलात. झोडणी संपली होती, पेंढा रचून झाला होता, दुपारी जेवून आडवे झालात ते उठला नाहीत. मी आले तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. चांगुणावहिनी रडत नव्हत्या. आलेल्यांना पाणी मिळालं की नाही ते बघत होत्या. मी त्यांना ओळखत होते ती तुमची बायको म्हणून, तुमच्या मागून चालणारी. आमचं बोलणं म्हणजे ‘भाजी घ्या’ आणि ‘डबा परत देते’ एवढंच.

बाराव्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी फाटकाशी उभी होते. डोंगराच्या वाटेने कुणीतरी भारा घेऊन येत होतं. भाऱ्याखाली चेहरा दिसत नव्हता. जवळ आल्यावर कळलं, वहिनी. एकट्या.

मी म्हटलं, “वहिनी, अहो, इतक्या लवकर? आणि तिकडून कशाला? बांधावर एवढी झाडं उभी आहेत.”

त्यांनी भारा खाली टाकला नाही. मान न वळवता म्हणाल्या, “त्यांना हात नाय लावायचा. आन घातलीय त्यांनी. मानूस गेला म्हून आन जाते का?”

आणि पुढे गेल्या. त्यांचं वय माझ्यापेक्षा चारच वर्षांनी कमी आहे.

त्या दिवशी मी वही काढली. माझा बेत असा होता की तुमच्या आठवणीसाठी सगळी वही सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची, एक प्रत मुलांना पाठवायची. चास पहिल्यांदा घेतला, कारण त्याच्या नोंदी सगळ्यांत जास्त होत्या. मी फक्त ‘कशावर’ हा रकाना वाचत गेले. ऐन, तोडलेला. ऐन, तोडलेला. तार. ऐन, तोडलेला. खुंट. तार. बैलाच्या खुंटीवर. ऐन, तोडलेला. पहिली आठ वर्षं हेच. पानांनी भरलेल्या झाडावर एकदाही नाही. शब्दानंतरच्या वर्षांत आपल्या बांधावर एकही नोंद नाही, आणि पाड्यावरच्या सगळ्या नोंदी तुमच्या, पुढे माझी प्रश्नचिन्हं.

माझ्याच अक्षरात सोळा वर्षं ते उत्तर लिहिलेलं होतं. मी मुलांना पस्तीस वर्षं शिकवलं, प्रश्न नीट वाचा, उत्तर बऱ्याचदा प्रश्नातच असतं.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन मी पाड्यावर गेले. पाऊण तासाची वाट मला सव्वा तास लागली. पाड्याच्या अलीकडे ऐनांची रांग आहे, आठवड्यापूर्वी तोडलेली, नुसते खांब. तिसऱ्या खांबावर तो बसला होता. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. खालच्या कापलेल्या खाचरात बघत होता. झेप घेतली, टोळासारखं काहीतरी उचललं, परत त्याच जागी येऊन बसला. मी तिथेच दगडावर बसून प्रश्नचिन्हं खोडली. आणि तुम्हाला जे म्हणाले होते ते मागे घेतलं. मोठ्याने म्हटलं, पण ऐकायला कुणी नव्हतं. असं मागे घेणं पुरेसं नसतं. पौष अजून अर्धा बाकी होता आणि वहिनी डोंगर चढत होत्या.

रविवारी मी तुमच्या घरी गेले. रमेशला सुट्टी होती. मुलांनो, रमेश हा जानूभाऊंचा मुलगा, माझा विद्यार्थी. आटगावजवळच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. वहिनी अंगणात वाल निवडत होत्या.

मी सरळच सांगितलं. “वहिनी, बांधावरच्या ऐनांची कवळं तोडा. ती आन चुकीच्या कारणासाठी होती. चूक माझी. झाडं भरली म्हणून चास गेला. जानूभाऊंनी मला पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, वर त्यांना लागेल असं बोलले.”

रमेशने मोबाइल खाली ठेवला. “म्हंजी माजी आवस आठ वरसं डोंगर उगीच चढली?”

“हो.”

“बाई, स्पेलिंग एक चुकला तर तुमी आमाला तासभर उबा करायच्या.”

“हो,” मी म्हटलं. मी उभीच होते. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

“रम्या, तोंड आवर,” वहिनी म्हणाल्या. पण मला ‘बसा’ म्हणाल्या नाहीत. वाल निवडत राहिल्या. मूठभर निवडून झाल्यावर म्हणाल्या, “त्यांनी मला सांगितलावता. त्याच दिशी. बाई असा असा बोलल्या म्हून.”

त्यांनी पुढची मूठ निवडायला घेतली.

“मी म्हनली, मंग तोडा की. त्यांचा काय ऐकताव? तर बोलले, आता तोडला तर बाईंचा बोलना खरा ठरंल.”

जानूभाऊ, एवढी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही तो वाद विसरलात.

मी पुन्हा म्हटलं, “म्हणून सांगते आहे. आता तोडा. मी सांगते, शब्द सुटला.”

वहिनींनी पहिल्यांदा मान वर केली. “तुमच्या सांगन्यानं कसा सुटंल? आन तुमाला दिल्याली नाय. पोरीला दिल्याली. ज्याला दिली त्यानंच सोडायची असते.”

रमेश म्हणाला, “आवशी, ती पोरगी कॅनडाला हाय.”

“मंग? देव काय फक्त किन्हवलीपत्तुर हाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रमेशच्या फोनवर अन्वयाला बोलावलं. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. ती आता पंधरा वर्षांची आहे. पडद्यावर तिच्यामागे खिडकी आणि खिडकीत बर्फ. मी तिला सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसं. मधे एकदाही थांबवलं नाही तिने.

मग म्हणाली, “म्हणजे मी रडले म्हणून झालं?”

“तू सात वर्षांची होतीस. मी सदुसष्ट.”

ती पडद्याच्या जवळ सरकली. मग मला नाही, वहिनींना म्हणाली, “आजी, एवढं ओझं आणून तुमचं डोकं दुखत असेल ना?”

वहिनी हसल्या. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. “डोका नाय गो. गुडघं.”

“मग तोडा. मी सांगते, तोडा.”

“तसा नाय. देवाचं नाव घेऊन सांग.”

“कुठल्या?”

“आमच्या गावदेवाचा.”

अन्वयाने डोळे मिटले. शाळेत प्रार्थनेला मुलं मिटतात तसे. म्हणाली, “गावदेवा, मी जानूआजोबांना सोडलं.”

शब्द सोडला, असं तिला म्हणायचं होतं. कुणी तिला दुरुस्त केलं नाही. मीही नाही. रमेश फोन तिथेच ओटीवर ठेवून गोठ्याच्या मागे गेला आणि बऱ्याच वेळाने आला, तेव्हा त्याच्या हातात कोयता होता.

त्या दिवशीची शिफ्ट बुडवून, गावदेवाला नारळ फोडून तो झाडावर चढला. आठ वर्षांत सवय मोडलेली. पहिल्या झाडावर दोनदा घसरला. वहिनी खालून सांगत होत्या, “शेंडा ठेव. ऱ्हाऊ दे तो झुबका. बापसानं काय शिकवलाय?” मला म्हणाल्या, “बाई, तिकडं सरा, डोक्यात फांदी पडंल आन् आमच्यावर नाव यील.” मी सरले. कवळांच्या जुड्या बांधायचा प्रयत्न केला. त्यांनी माझी प्रत्येक जुडी सोडून पुन्हा बांधली. बांधापासून राबापर्यंत भारा न्यायला चार मिनिटं लागतात. मी मोजली.

दुपारपर्यंत आठ झाडं झाली. रमेश नवव्याला हात घालणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “पुरे. ही तीन ऱ्हाऊ दे.”

“आता का?” तो वरून ओरडला. “आन सुटली ना?”

“आनंचा नाय बोलत मी. हळद्यानं कुठं जायाचा?”

मी विचारलं, “कोण हळद्या?”

“पिवळा. डोळ्यात काजळ घातल्यावानी. ही झाडां भरली तवापासनं थंडीत येतो. दाट पाला बगून बसतो, भाईर नाय निगत.”

जानूभाऊ, आपल्या वहीत हळद्या नाही. सोळा वर्षांत एकदाही नाही. मी वहिनींना म्हटलं, असं कसं होईल, मी रोज बघते.

“तो दुपारचा येतो,” त्या म्हणाल्या. “तुमी दुपारी झोपताव.”

म्हणून आता तुमच्या बांधावर आठ ऐन उघडे आहेत आणि तीन भरलेले. हे कुणी ठरवलं असं मुलांनी विचारलं तर मी सांगेन, चांगुणावहिनींनी. वहीच्या पहिल्या पानावर तुमचं आणि माझं नाव आहे. त्यांचं नव्हतं, ते मी घातलं. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “मला काय करायचा नाव घालून?” पण ‘पुसा’ म्हणाल्या नाहीत.

काल दुपारी मी झोपले नाही. जेवून बांधावर गेले. वहिनींनी पेंढ्यावर गोणपाट अंथरून मला जागा करून दिली आणि स्वतः बाजूला बसल्या. हळद्या आला नाही. चार वाजेपर्यंत वाट बघून मी उठायला लागले, तर वहिनींनी माझा हात धरून खाली बसवलं.

“बसा जरा. आज नवा मानूस दिसला म्हून लाजला आसंल. त्याला तुमची सवय होऊ दे.”